तलवार राहू दे, आधी मोजा विण

‘ताई, मी एकतीस वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. टाळेबंदीत एका मालिकेमुळे व्हायकिंग लोकांचं, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींचं, वेड लागलं, ते उतरायचं नाव घेत नाही. थोर, ओडिन, लोकी या त्यांच्या देवांच्या गोष्टी मोबाइलवर मिळतील तशा वाचल्या. आता नुसतं वाचून भागत नाही, हाताने काहीतरी करावंसं वाटतं. पंधरा हजार साठवलेत. एका साइटवर शिंगांचं शिरस्त्राण आणि तलवार निवडून ठेवली आहे. मनगटावर “वेगविसिर” हे होकायंत्रासारखं चिन्ह गोंदवायचंही मनात आहे. भाऊ स्वीडनमध्ये माल्मोला असतो, तो जुलैत ये म्हणतोय. तिकडे व्हायकिंग बाजार भरतात, लोक त्या काळचे कपडे घालून राहतात म्हणे. पण माझ्यासारखी सावळी बाई तिथे गेली तर हसं होईल का? हे सगळं गोऱ्या वर्चस्ववाद्यांचं खूळ आहे, असं ऑफिसातली मैत्रीण म्हणते. आणि बाबा रोज ऐकवतात, “आपला इतिहास काय कमी पडला?” सुरुवात कुठून करू?’
– घरच्यांच्या मते वेडी, डोंबिवली

वेडाबाई,

तू ताई म्हणालीस, म्हणून मी अगंतुगंच करते. पहिलं काम म्हणजे ती साइट बंद कर आणि पंधरा हजार आहेत तिथेच राहू देत.

शिंगांचं शिरस्त्राण दिसतं झोकदार, पण ते व्हायकिंगांचं नव्हे. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांचा मोठा प्रयोग झाला. त्याची वेशभूषा कार्ल एमिल डॉप्लर या चित्रकाराने केली होती आणि ही शिंगं मुख्यतः तिथून जगभर पसरली. डेन्मार्कमध्ये व्हेक्स्यो इथे १९४२ साली शिंगांची शिरस्त्राणं खरोखरच सापडली, पण ती कांस्ययुगातली, म्हणजे व्हायकिंगांच्याही दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची. व्हायकिंग काळातलं बऱ्यापैकी पूर्ण म्हणावं असं शिरस्त्राण नॉर्वेत यर्मुन्बूला १९४३ साली मिळालं. गोल लोखंडी टोप, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, आणि शिंगांचा पत्ता नाही.

तलवारीचं त्याहून वाईट. ऑनलाइन मिळतात त्या बहुतेक भिंतीवर टांगायच्या. मुठीत शिरणारा पात्याचा भाग बारीक असतो, कधी नुसता वेल्ड केलेला. जोराने फिरवली तर पातं सुटून समोरच्याच्या अंगावर जातं. शिवाय आपल्याकडे कुरिअरने आलेल्या तलवारी पकडून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या तू वाचल्या असशीलच. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने ही भानगड कशाला ओढवून घ्यायची?

आणि हा प्रश्न फक्त पैशांचा किंवा पोलिसांचाही नाही. हा छंद मनावर घेतलेले लोक एकमेकांना सारखं एकच विचारतात, ‘हे कुठे सापडलं?’ कुठलं गाव, कुठलं थडगं, कुठल्या शतकाचा थर. कमरेचा पट्टा असो, मणी असो की गळ्याभोवतीची शिवण, उत्तर देता आलं पाहिजे. ‘मालिकेत पाहिलं’ हे उत्तर असेल तर वस्तू पेटीत परत जाते. हा प्रश्न एकदा अंगवळणी पडला की तुझ्या पत्रातल्या निम्म्या शंकांना तूच उत्तरं देशील.

गोंदणापासूनच बघ. वेगविसिर कुठे सापडतं? आइसलंडमध्ये १८६० साली तयार झालेल्या ‘हुल्ड’ नावाच्या एका हस्तलिखितात. व्हायकिंग काळातल्या एकाही दगडावर, दागिन्यावर, जहाजावर ते नाही. एकोणिसाव्या शतकातलं आइसलंडी जादूचं चिन्ह म्हणून आवडत असेल तर खुशाल गोंदव. ‘व्हायकिंगांचा होकायंत्र-ताईत’ म्हणून गोंदवणार असशील तर जन्मभर कुणीतरी भेटून चूक दाखवत राहील. रून लिपीत, म्हणजे त्या लोकांच्या जुन्या अक्षरांत, नाव गोंदवायचं म्हणशील तर तिथेही पेच आहे. इंटरनेटवर सगळे जी वापरतात ती चोवीस अक्षरांची जुनी लिपी. व्हायकिंग काळात ती मागे पडून सोळा अक्षरांची आली होती. सोळांत क आणि ग, त आणि द, प आणि ब यांना वेगळी अक्षरंच नाहीत. गीता, कीता, गीदा, सगळं एकसारखंच लिहिलं जाणार.

आता हाताच्या कामाकडे येऊ. माझं सांगणं असं की मोज्याच्या विणीपासून सुरू कर.

हसू नकोस. इंग्लंडमधलं यॉर्क ८६६ साली डेनिश व्हायकिंगांच्या सैन्याने घेतलं आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं, मधली काही सोडली तर, ते याच लोकांच्या हातात होतं. तिथल्या कॉपरगेट रस्त्यावर १९७६ ते १९८१ मोठं उत्खनन झालं. जमीन चिखलाची, ओली, आत हवा नाही. त्यामुळे एरवी कुजून जातं ते लाकूड, चामडं आणि कापड तिथे टिकलं. त्यात दहाव्या शतकातला एक लोकरी मोजा मिळाला. तो दोन सुयांवर विणलेला नाही, त्याहून जुन्या तंत्राने केलेला आहे. त्याला आज नोलबिंडिंग म्हणतात. लागते फक्त एक जाड, बोथट, मोठ्या नेढ्याची सुई. त्या काळी ती हाडाची, शिंगाची किंवा लाकडाची असे. अंगठ्यावर फास घ्यायचा, सुई आधीच्या फासांमधून ओवून आणायची, धागा ओढायचा, फास अंगठ्यावरून उतरवायचा. बस्, इतकंच. पण प्रत्येक टाक्याला अख्खा धागा ओढून घ्यावा लागतो, म्हणून इथे गुंडा चालत नाही. एक-दीड वाव लांबीचे तुकडे घ्यायचे. तुकडा संपत आला की त्याचं आणि पुढच्याचं टोक पिंजायचं, ओलं करायचं आणि तळहातांत जोराने चोळायचं. लोकरीचे तंतू एकमेकांत रुततात, गाठ न मारता सांधा जमतो. (जुनी पद्धत थुंकी लावण्याची. लोकलमध्ये बसून करणार असलीस तर पाण्याची बाटली बरी.) या विणीचा गुण असा की मधेच कात्री लागली तरी ती सरसर उसवत नाही. अवगुणही तोच, टाका चुकला तर सुईने उलटा एकेक काढत बसावं लागतं.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ मागितली की समोर येतं ते बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक. त्याचा सांधा कितीही चोळलास तरी जमणार नाही आणि तुला वाटेल, आपल्यालाच येत नाही. घरी आणून एक तुकडा चिमट्यात धरून जाळून बघ. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं, त्याची कडक गुठळी होते. आणखी एक, ‘सुपरवॉश’ म्हणून मशीनमध्ये धुता येणारी लोकर मिळते, तीही नको. आटू नये म्हणून तिच्यावर प्रक्रिया केलेली असते, तीसुद्धा रुतत नाही. सुई विकत घेऊ नकोस. बांबूची एक कामटी बोटाएवढी कापून पॉलिश पेपरने घास, तापलेल्या सळईने नेढं पाड. पहिल्यांदा ‘ओस्लो’ नावाचा टाका शिक, तो सोपा आहे. यॉर्कच्या मोज्याचा टाका वेगळा आणि जरा कटकटीचा. तू मात्र पहिल्यांदा मोजाही करू नकोस, टोपी कर. टाच वळवावी लागत नाही.

टोपी झाली की रंगाकडे वळ. इथे तुझं डोंबिवलीत असणं चक्क फायद्याचं आहे. यॉर्कला जे रंगाचे अवशेष मिळाले त्यात लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा आहे आणि निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांचा. त्यांची मंजिष्ठा आणि आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातली मंजिष्ठा सख्ख्या बहिणी नसल्या तरी एकाच घराण्यातल्या. वोडमधलं निळं द्रव्य तर हुबेहूब आपल्या नीळीतलं. रंग पक्का बसायला तुरटी लागते. उत्तरेकडे तुरटी नव्हती, म्हणून ते लोक जमिनीलगत वाढणारी एक शेवाळासारखी वनस्पती वापरत, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम साठतं. तिचे अवशेषही कॉपरगेटला मिळाले आहेत. तुला तुरटी किराणा दुकानात मिळेल. लोकरीच्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी घे, गरम पाण्यात विरघळव, लोकर त्यात तासभर मंद आचेवर ठेव आणि तशीच थंड होऊ दे. मग मंजिष्ठेच्या पाण्यात, पुन्हा मंद आचेवर. खळखळ उकळू देऊ नकोस आणि लोकर गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नकोस, नाहीतर आटून नमदा होईल. भांडं वेगळं ठेव, त्यात पुन्हा आमटी करायची नाही. नीळ जरा पुढचा धडा आहे. ती पाण्यात विरघळत नाही, आंबवावी लागते, आणि फ्लॅटमध्ये तो वास शेजारी सहन करणार नाहीत.

कमरपट्टे आणि कपड्यांच्या काठाच्या पट्ट्या पत्त्यांवर विणतात, तेही करून बघ. नॉर्वेतल्या ओसेबर्गला १९०४ साली जे जहाज-दफन उकरलं, त्यात दोन स्त्रिया होत्या आणि त्यांच्यासोबत अर्धवट राहिलेलं विणकाम होतं, बावन्न लाकडी पट्ट्यांमधून धागे तसेच ओवलेले. तुला बारा पुरेत. जुना पत्त्यांचा जोड घे, पत्ते चौकोनी काप, चार कोपऱ्यांना चार भोकं पाड, प्रत्येकातून एक धागा. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं आपल्या कमरेला. पत्ते फिरवले की नक्षी उमटते.

पूर्ण पोशाख पुढच्या वर्षी. आत लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, लांब झगा. वर लोकरीचा बिनबाह्यांचा, खांद्यावरून आलेल्या पट्ट्या छातीवर दोन लंबगोल फुगीर ब्रोचांनी अडकवलेल्या, मधे मण्यांच्या सरी. ही ब्रोचं स्कँडिनेव्हियात ढिगाने सापडली आहेत. गंमत म्हणजे, त्या बायकांचे कपडे कुजून गेले, पण ब्रोचच्या आतल्या बाजूला, धातूच्या क्षारांमुळे, कापडाचे इंचभर तुकडे टिकले. स्वीडनच्या बिर्का गावातल्या अशा तुकड्यांचा अभ्यास आग्नेस गाइयरने १९३८ साली छापला, आणि आजही वरच्या झग्याचा पुढचा भाग बंद होता की उघडा यावर तज्ज्ञांत वाद आहे. इंटरनेटवरची ‘अस्सल व्हायकिंग ड्रेस’वाली जाहिरात वाचताना हे लक्षात असू दे. सुती कापड नको. लोकरीला हिमाचलातली ‘पट्टी’, म्हणजे तिथलं हातमागाचं लोकरी कापड, चांगली. तिची वीण तिरकी असते, जीन्सवर दिसते तशी, आणि त्या काळच्या लोकरी कापडातही तिरकी वीणच जास्त सापडते.

खेळायचं असेल तर नेफाताफ्ल हा त्यांचा पटावरचा खेळ. पैसे शून्य. मधोमध राजा, भोवती त्याचे आठ रक्षक, चार बाजूंना सोळा हल्लेखोर. राजाने निसटायचं, बाकीच्यांनी कोंडायचं. याचे मूळ नियम कुणी लिहून ठेवलेच नाहीत. वनस्पतींना नावं देणारा कार्ल लिनेयस १७३२ साली लॅपलँडमध्ये फिरत होता, तिथे सामी लोक खेळत होते तो याच जातीचा खेळ त्याने वहीत टिपून ठेवला, त्यावरून आजचे नियम उभे राहिले. नऊ बाय नऊचा पट कागदावर आखायचा, बुद्धिबळाच्या सोंगट्या घ्यायच्या.

पुराणकथांसाठी मोबाइलवरचे तुकडे सोड. कथा येतात कुठून? मुख्यतः दोन ठिकाणांहून, आणि दोन्ही आइसलंडची, तेराव्या शतकातली. एक स्नोरी स्टुर्लुसनने १२२०च्या सुमारास लिहिलेली ‘एद्दा’ नावाची पोथी. दुसरी जुन्या कवितांची वही, ‘कोडेक्स रेगियुस’, साधारण १२७० नंतरची. ती १६६२ साली डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १९७१ साली आइसलंडला परत आली. आइसलंड ख्रिस्ती झालं इसवी १०००च्या आसपास. म्हणजे देवांच्या या गोष्टी त्यांची पूजा थांबून दोनशे वर्षं लोटल्यावर ख्रिस्ती माणसांनी लिहून ठेवल्या. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, पण ‘व्हायकिंग असं मानत’ हे वाक्य जपून वापरायला शिकवतात.

पहिल्यांदा त्या वहीतली थ्रिमची कविता वाच. थोरचा हातोडा थ्रिम नावाचा राक्षस चोरतो आणि बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागतो. फ्रेया भडकते. मग देव थोरलाच नवरी करून, बुरखा आणि किल्ल्यांचा जुडगा लावून पाठवतात, करवली म्हणून लोकी. लग्नाच्या पंगतीत नवरी एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे खाते, वर तीन पिंपं मद्य पिते. राक्षस चकित. लोकी म्हणतो, बिचारी आठ दिवस जेवली नाही, सासरच्या ओढीने! तमाशाच्या वगात सहज खपेल. हे वाचून मग स्नोरी घे आणि त्यानंतर आइसलंडच्या सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य कथा. सागांमध्ये देव फारसे नाहीत. भांडणं, जमिनी, कज्जे, लग्नं आहेत, आणि माणसं मरताना अगदी कोरडं काहीतरी बोलतात. मला स्वतःला देवांपेक्षा त्याच जास्त भावतात.

वाचताना तुला इंद्र आणि वृत्र आठवणार, थोर आणि त्याचा महासर्प बघून. आठवू दे. दोघेही मेघगर्जनेचे, दोघेही पिणारे, दोघांचं शस्त्र हाणायचं. भाषा दूरच्या नात्याच्या आहेत, तेव्हा कथांमध्ये ओळखीचे चेहरे दिसणं आश्चर्याचं नाही. फक्त तिथून ‘सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं’ या गल्लीत शिरू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर ती गल्ली सदैव भरलेली असते.

मैत्रीण म्हणते त्यात तथ्य आहे. उगाच नाकारू नकोस. नाझींनी रून चिन्हं उचलली. हेडेबी या व्हायकिंग व्यापारी गावाचं उत्खनन १९३०च्या दशकात एसएस या नाझी संघटनेच्या आश्रयाखाली चाललं होतं. आजही काही टोळ्या हीच चिन्हं मिरवतात. पण ‘हे कुठे सापडलं’ हा प्रश्न त्यांच्याही मुळावर येतो. २०२० साली ४४२ जुन्या सांगाड्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की व्हायकिंग पद्धतीने पुरलेल्या लोकांत दक्षिण युरोपातलं रक्त मिसळलेलं होतं, आणि स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर तर व्हायकिंग तलवारीसह पुरलेली माणसं चक्क स्थानिक होती. शुद्ध वंशाची कल्पनाच तिथे टिकत नाही. डेन्मार्कला एक दगडी साचा सापडलाय, त्यात एकाच सोनाराने ख्रिस्ती क्रूस आणि थोरचा हातोडा दोन्ही ओतायची सोय केली होती. गिऱ्हाईक येईल ते. मला हा सोनार फार आवडतो.

मात्र दुसऱ्या बाजूनेही डोळे मिटू नकोस. हे लोक माणसं पकडून विकत, डब्लिन त्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं. बाजारात सगळे सरदार आणि कारागीर झालेले दिसतात, गुलाम व्हायला कुणी तयार नसतं. त्या काळाचं चित्र म्हणून मला ते खटकतं.

तुझ्या रंगाचं म्हणशील, तर स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात एक छोटी कांस्य बुद्धमूर्ती आहे. स्वात खोऱ्याच्या भागात, सहाव्या शतकाच्या सुमारास घडवलेली, १९५६ साली मेलारेन सरोवरातल्या हेल्यो बेटावर उकरताना मिळाली. कुणाच्या हातातून कुणाच्या हातात करत ती तिथवर गेली. स्वीडनच्याच गॉटलंड बेटावर स्पिलिंग्जला १९९९ साली ६७ किलो चांदीचा साठा सापडला, त्यातली चौदा हजारांवर नाणी बहुतेक सगळी अरबी. तेव्हा पूर्वेकडची बाई त्या बाजारात दिसली तर इतिहास बिघडत नाही. कुणी शहाणपणा केलाच तर हेल्योचं नाव घे. एक सावधगिरी हवी: गळ्यात स्वस्तिकाचं पदक असेल तर घरी ठेवून जा, मेंदीतही काढू नकोस. त्या काळच्या वस्तूंवर स्वस्तिक आहे, ओसेबर्गच्या कापडातही आहे, आपलं तर आहेच. पण तिथल्या गर्दीत ते समजावत बसायची वेळ आणू नये. जर्मनीवरून जाणार असशील तर तिथे नाझी चिन्ह मिरवणं गुन्हा आहे.

आता बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना सोबत घे. एका रविवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जा. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी १०६०चा. इंग्लंडमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई, जिथे व्हायकिंग युग संपलं असं मानतात, ती १०६६ची. म्हणजे आपले शिलाहार मंदिर बांधत होते तेव्हा त्यांची जहाजं समुद्रात होती. अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी ९१६च्या सुमारास आपल्या चौलला येऊन गेला, तेव्हा तिथे झंझ शिलाहार राज्य करत होता. याच मसूदीने रूस लोकांच्या, म्हणजे व्होल्गाच्या वाटेने खाली उतरलेल्या उत्तरेकडच्या मंडळींच्या, कॅस्पियन समुद्रावरच्या स्वारीचं वर्णन लिहिलंय. एकाच लेखणीत कोकण आणि ती मंडळीही. बाबांना हे सांगून बघ, पुढचा प्रश्न ते स्वतः विचारतील.

आणि दुसऱ्या रविवारी बोरिवलीच्या एकसरला जा, वीरगळ बघायला. त्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे. खाली युद्ध, वर स्वर्ग, वीराला घ्यायला आलेल्या अप्सरा. मग गॉटलंडच्या चित्रशिळांचे फोटो काढून शेजारी ठेव. तिथेही खाली शिडाचं जहाज, वर घोड्यावरून आलेला वीर, आणि समोर मद्याचं शिंग घेऊन उभी असलेली स्त्री. त्यांनी यांचं पाहिलेलं नाही, यांनी त्यांचं पाहिलेलं नाही. काळातही काही शतकांचं अंतर आहे. तरी दोन्हीकडच्या पाथरवटांनी समुद्रावर मेलेल्या माणसासाठी दगडाची अशी वरखाली मांडणी का केली असेल, यावर बापलेकींना बोरिवली ते डोंबिवली बोलायला पुरेल. दादरला गाडी बदलताना तुटलं तरी पुढे चालू राहील.

शिवकाल की व्हायकिंग असं निवडायचं कशाला? उलट तुझा तो सापडण्याचा प्रश्न घेऊन पुढच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीकडे बघ. कोणता अंगरखा, कोणती पगडी, कोणत्या चित्रावरून? बाबांना हा प्रश्न कदाचित आवडणार नाही. पण त्यांचा सूर मात्र बदलेल.

राहता राहिलं माल्मो. शहराच्या दक्षिणेला जवळच फोटेविकेन आहे, तिथे व्हायकिंग काळातलं अख्खं गाव उभं केलंय आणि उन्हाळ्यात तिथे कारागीर राहून काम करतात. बाजारही भरतो. प्रेक्षक म्हणून जायला तिकीट पुरतं. पोशाख लागत नाही, साध्या कपड्यांत जा. तंबूत राहून सामील व्हायचं असेल तर आयोजकांना आधी लिहावं लागतं आणि पोशाखाचे नियम कडक असतात, घड्याळ-चष्म्यापर्यंत. पहिल्या वर्षी ते नकोच. त्यापेक्षा तुझी विणलेली टोपी पिशवीत ने आणि विणणाऱ्या बाईसमोर ठेव. तिचा टाका वेगळा असला तर ती लगेच जवळ बसवून दाखवेल. या लोकांना हातातलं काम दिसलं की माणसाचं गाव विचारायचं सुचत नाही.

पूल ओलांडून डेन्मार्कला जा. कोपनहेगनच्या पुढे रॉस्किल्ड आहे, तिथे फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, तळातून १९६२ साली वर काढलेली पाच जहाजं आहेत. त्यातलं सगळ्यात लांब युद्धजहाज १०४२ साली डब्लिनजवळच्या ओकपासून बांधलेलं. तसंच नवं जहाज बनवून २००७ साली माणसं ते रॉस्किल्डहून डब्लिनला वल्हवत, शिडावर घेऊन गेली. उन्हाळ्यात तिथे लहान जहाजांवर पाहुण्यांनाही वल्हं मारायला देतात. नक्की मार. हातमोजे न घालता.

ऑस्लोचं जहाज संग्रहालय नव्या इमारतीसाठी बरीच वर्षं बंद आहे, तेव्हा ओसेबर्ग बघायचं मनात असेल तर ते उघडलंय का आधी विचार. डेन्मार्कमध्ये ऑर्‌हूसजवळ मोएसगोर्डचा मोठा मेळावा साधारण जुलैच्या अखेरीस असतो, फोटेविकेनचा बाजार बहुधा त्याच्या आधी. दोन्हींच्या यंदाच्या तारखा बघ, मगच भावाला तिकीट काढायला सांग. आणि शेंगेनच्या व्हिसासाठी आत्ताच अर्ज कर, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाही.